विनावाहक

माझे मामा चिपळूण डेपोला एकोणतीस वर्षं कंडक्टर होते. माझ्या गाडीत डाव्या सीटवर बसले की पहिला अर्धा तास ते काही बोलत नाहीत, नुसते बघतात. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या दिवशी पुण्याहून गावी निघालो, तेव्हाही असेच बघत होते. चांदणी चौक मागे पडेपर्यंत मी काय काय केलं, ते त्यांनी नंतर बोटांवर मोजून दाखवलं. आरसा सरळ केला. फोनची वायर शोधली. मागे हात घालून मुलाला बिस्किटाचा पुडा दिला. पेट्रोल कुठे भरायचं यावरून नवऱ्याशी वाद घातला. ऑफिसातल्या कुणाला तरी, आपण रजेवर आहोत हे बारा मिनिटं समजावलं. "आणि मधेमधे गाडी चालवलीस," मामा म्हणाले.

हे त्यांनी सांगितलं ताम्हिणी घाटात, कठड्याला लागून उभ्या असलेल्या गाडीत. कारण तोवर बाटली ब्रेकखाली गेलेली होती.

मुलाची स्टीलची पाण्याची बाटली. त्याने ती पायाशी ठेवली, उतार लागल्यावर ती माझ्या सीटखालून घरंगळत पुढे आली आणि ब्रेकच्या मागे जाऊन बसली. वळणावर ब्रेक दाबला तर तो अर्ध्यावरच अडला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, धुक्यामुळे वेगही नव्हता, हँडब्रेक ओढला आणि थांबलो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. नवरा उतरून उगाचच चारही टायर बघून आला. बाटलीवर डायनासोरचं चित्र होतं, हे मला अजून आठवतं.

आपल्याकडे निघण्याआधी तयारी करत नाही असं कोण म्हणेल? चार दिवस आधीपासून चाललेली असते. मोदकाचं पीठ, आरतीचं पुस्तक, झांजा, मखराचं थर्माकोल, आत्याने मागवलेलं औषध. गाडीपुढे नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं. ही सगळी तयारी मुक्कामाची असते. मधल्या सात तासांची कुणीच करत नाही. त्या सात तासांत जे लागेल ते गाडी चालवणाऱ्याने चालवता चालवता उरकायचं, हे जणू ठरलेलंच.

एसटीत हे कधीच ठरलेलं नव्हतं. १ जून १९४८ ला पहिली गाडी अहमदनगरहून पुण्याला आली, तेव्हाची दोन नावं सांगितली जातात: चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. मामांना ही जोडी तोंडपाठ आहे. एक नाव घेतलं की दुसरं आपोआप येतं. ड्रायव्हरने रस्ता बघायचा. तिकीट, चिल्लर, वेबिल, टपावरचं सामान, 'पुढच्या वळणावर उतरायचंय' म्हणणारी म्हातारी, उलटी होणारं पोर, दोन पाटलांचं भांडण, हे सगळं कंडक्टरचं. दोघांमध्ये बोलणं म्हणजे एक दोरी आणि तिच्या टोकाची घंटी. एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की चल. आणि चालकाशी बोलू नये, ही पाटी सगळ्यांसाठी.

घरच्या गाडीत ड्रायव्हर आणि कंडक्टर एकच.

पण हा मुद्दा मामांनी जसा पुढे नेला, तसा मला सुचला नसता. सातारा–स्वारगेटसारख्या मार्गांवर एसटीने विनावाहक गाड्या काढल्या. कंडक्टर काढला म्हणून त्याचं काम ड्रायव्हरच्या गळ्यात नाही घातलं. गाडी हलण्याआधी स्टँडवरच तिकिटं फाडायची, माणसं मोजायची, वाहकाने खाली उतरायचं आणि गाडी मधे कुठेही न थांबता सोडायची. "काम संपवलं, मग माणूस उतरवला," मामा म्हणाले. "तुमच्या गाडीत माणूस मुळात नाही, आणि काम सगळं शिल्लक."

घाटात ताशी चाळीसचा वेग आपल्याला रांगल्यासारखा वाटतो. त्या वेगात गाडी एका सेकंदाला अकरा मीटर जाते, म्हणजे साधारण एका एसटीची लांबी. पडलेला चष्मा चाचपायला तीन सेकंद लागले, तर ओळीने उभ्या तीन एसट्या आपण डोळे मिटून पार केल्या. एक्स्प्रेसवेवर शंभरने जाताना हा हिशेब अडीचपट करायचा.

हात मोकळे असले म्हणजे झालं, असं मलाही वाटायचं. ब्लूटूथवर बोलते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मग काय बिघडतं? अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांनी वर्षानुवर्षं नेमकं हेच तपासलं. डोळे रस्त्यावर असतात, पण बोलण्यात गुंतलेल्या माणसाला समोरचं दिसूनही उमगत नाही. आवाजी हुकुमांवर चालणाऱ्या यंत्रणांच्या २०१५ च्या अभ्यासात तर, काम संपल्यावरही लक्ष पुरतं परतायला सत्तावीस सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो, असं दिसलं. सत्तावीस एसट्या म्हणजे आमचा स्टँड भरून वर रस्त्यावर लागतील! शेजारी बसलेल्या माणसाचं निराळं असतं. समोरून ट्रक आला की मामा गोष्ट सांगता सांगता शब्दावर थांबतात, ट्रक गेला की तिथूनच पुढे. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही. तो विचारतच राहतो, "हॅलो? ऐकू येतंय ना?"

गेल्या वर्षी मामांनी गाडीचा ताबा आदल्या रात्रीच घेतला. सामान डिकीत, पायाशी एकही वस्तू नाही, बाटल्या दाराच्या खणात ठासून. ताम्हिणीत रेंज जाते म्हणून नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवला. मुळात मला रस्ता कागदावर लिहायला लावला: मुळशी, माणगाव, महाड, पोलादपूर, खेड. पाच नावं लक्षात राहिली की फोनकडे बघायची गरज निम्मी होते. (गाडी चालवताना हातातला फोन वापरायचा तर फक्त रस्ता दाखवण्यापुरता आणि तोही लक्ष विचलित न होऊ देता, असं २०२० पासून नियमच सांगतो. पण तो बोर्डावर लावला की रस्ता दाखवता दाखवता सोसायटीचा ग्रुपही दाखवतो.) मुलाला निघण्याच्या अर्धा तास आधी उलटीची गोळी, हातात आलेपाक. माझ्या आधी नवऱ्याने गाडी चालवली होती, म्हणून सीट आणि तिन्ही आरसे पार्किंगमध्येच लावून घेतले. चष्मा पुसला. फोन गप्प करून पुढच्या कप्प्यात. याला सगळं मिळून वीस मिनिटं लागली आणि मी दोनदा वैतागले, हेही लिहायला हवं.

पण फोन बघायचाच असं ठरवलेल्याला यातलं काहीही अडवू शकत नाही, हे मामांनाही ठाऊक आहे. मार्च २०२५ मध्ये दादर–स्वारगेट ई-शिवनेरीवरचा खासगी कंपनीचा चालक गाडी चालवताना मोबाइलवर क्रिकेटचा सामना बघताना सापडला आणि त्याची नोकरी गेली. विषय काढला की मामा खिडकीबाहेर बघतात. डबल बेल दिल्यावर पुढचा माणूस रस्ताच बघणार, या भरवशावर एकोणतीस वर्षं त्यांनी पाठमोरं उभं राहून तिकिटं फाडली.

सगळ्यात अवघड तयारी मात्र गाडीतली नव्हतीच. ती गावाला बसलेल्या आईची होती. निघालात का, कुठे पोचलात, पाऊस आहे का, जेवलात का, हळू या. आमच्याकडे काळजी अशी दर अर्ध्या तासाने वाजते, आणि ती वाजते नेमकी गाडी चालवणाऱ्याच्याच फोनवर. तिला आदल्या दिवशी बजावलं होतं, आम्ही पोलादपूरला चहाला थांबू तेव्हा करू, तू करू नकोस. ती "बरं" म्हणाली होती.

पोलादपूरला चहा सांगून कप्पा उघडला. सात मिस्ड कॉल. मी लावणार, तेवढ्यात मामांनी फोन हातातून घेतला, तिकडचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अक्का, ड्रायव्हरशी बोलायचं नसतं गं."