रेडिएटरचा हिशेब आणि एक घातक समजूत

अमेरिकेत ज्या प्रकाराला 'हॉट रॉड' म्हणतात, म्हणजे जुन्या मोटारीचे अंग छाटून, तिची उंची बसकी करून, तीत मूळच्याहून बलवान इंजिन बसवून घडवलेली गाडी, तिचा नाद आमच्या अंजूरच्या घरात गेल्या वर्षी शिरला. माझ्या भाच्याने एक मोडकी विलीज जीप विकत घेतली, तिचे पेट्रोल इंजिन उतरवले आणि त्या जागी भंगारातून मिळालेले ट्रॅक्सचे डिझेल इंजिन चढवले. हे इंजिन म्हणजे आकुर्डीच्या बजाज टेम्पोने मर्सिडीज-बेंझच्या परवान्याने बनवलेले ओएम ६१६, चार सिलिंडरांचे, सुमारे २.४ लिटरचे आणि ७० अश्वशक्तीच्या घरातले. मॅटाडोरमध्ये आणि ट्रॅक्समध्ये महाराष्ट्राने ते इतकी वर्षे वापरले आहे की जुना मेस्त्री त्याचे हेड डोळे झाकून उतरवतो. असा बदल करण्यास मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या ५२ व्या कलमाची मर्यादा आहे. तो विषय स्वतंत्र असून परिवहन कार्यालयातील दरखास्तीचा निकाल लागेपर्यंत गाडी सार्वजनिक रस्त्यावर काढू नये, असे मी भाच्याला बजावले आहे. येथे प्रश्न आहे तो इंजिन थंड राखण्याच्या सामग्रीचा.

गेल्या पंधरवड्यात जाणते म्हणवणाऱ्या एका गृहस्थांनी ही जीप पाहिली आणि एका दमात निर्णय दिले. डिझेल इंजिन जात्याच थंड असते, म्हणून जीपचा जुना रेडिएटर पुरे. तो अपुरा वाटला तर ट्रकचा जाड, चार ओळींचा रेडिएटर कापून बसवावा, म्हणजे पाणी अधिक मावेल. थर्मोस्टॅट हा थंड मुलखातील लोकांनी केलेला अडथळा असल्याने तो काढून फेकावा. आणि इतके करूनही गाडी तापलीच, तर पाणी रेडिएटरातून फार वेगाने पळते व त्याला निवायला सवड मिळत नाही असे समजून वरच्या होसपाइपात भोक पाडलेली चकती घालावी. हिशेबाची गरज काय, असे विचारून व वीस वर्षांच्या अनुभवाचा दाखला देऊन ते निघून गेले. मी त्या वेळी घरी नव्हतो. संध्याकाळी परतलो तेव्हा थर्मोस्टॅट ओट्यावर पडला होता आणि भाचा पत्र्याच्या गोल तुकड्याला कानस मारीत बसला होता. "मामा, पाणी फार पळतंय म्हणे," तो म्हणाला. हा लेख त्या वाक्याने लिहवला.

पहिल्या मुद्द्यावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. रिकामे चालणारे डिझेल इंजिन पेट्रोलच्या मानाने थंड राहते हे खरे. पण घाटात पूर्ण भाराने चढणारे इंजिन रिकामे चालत नसते, आणि पूर्वकक्षाच्या या जुन्या रचनेत ज्वलन एका लहान कक्षात सुरू होऊन तप्त वायू त्याच्या भिंतींना घासत बाहेर पडत असल्याने पाण्याच्या वाट्याला येणारी उष्णता थेट फवाऱ्याच्या इंजिनापेक्षा अधिकच असते.

रेडिएटरच्या जाडीविषयी एवढेच सांगतो की मागच्या ओळींना पुढच्या ओळींनी तापवलेली हवा मिळते, म्हणून चौथी ओळ पहिलीइतके काम कधीच करीत नाही, उलट हवेच्या वाटेत आडवी मात्र येते. पाणी अधिक मावण्याचे म्हणाल, तर ५ लिटर जास्तीचे पाणी २० अंशांनी तापेपर्यंत सुमारे ४२० किलोज्यूल उष्णता पोटात घेते. इंजिनाची उष्णता रेडिएटरच्या शक्तीहून १० किलोवॅटने अधिक असेल तर ही मुदतवाढ बेचाळीस सेकंदांची झाली, आणि कसारा घाट बेचाळीस सेकंदांत संपत नाही. विल्हेल्म मायबाखने १९०० साली मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला, तेव्हा त्याने ६ मिलिमीटर चौरस तोंडाच्या ८,०७० नळ्या एकत्र जोडल्या आणि त्यांच्यामागे पंखा लावला. म्हणजे त्याने वाऱ्याला भिडणारा धातूचा पृष्ठभाग वाढवला, पाण्याची टाकी वाढवली नाही.

आता त्या चकतीकडे वळतो, कारण माझा खरा राग तिच्यावर आहे. पाण्याला निवायला सवड हवी, हे वाक्य ऐकणाऱ्याला इतके पटते की त्याच्या मुळाशी जाण्याची कोणाला इच्छाच होत नाही. वाटीतली आमटी थोडा वेळ ठेवली की निवते, म्हणून रेडिएटरातले पाणीही थोडा वेळ थांबले तर अधिक निवेल, असा हा युक्तिवाद आहे. पण वाटीतली आमटी पुन्हा चुलीवर जात नाही आणि रेडिएटरातले पाणी क्षणोक्षणी इंजिनात जाते. जे पाणी रेडिएटरात अधिक वेळ रेंगाळते तेच पाणी इंजिनाच्या पोटातही तितकेच अधिक वेळ रेंगाळते व तितकेच अधिक तापते, ही उघड गोष्ट त्या गृहस्थांच्या वीस वर्षांच्या अनुभवातून कशी निसटली, हे मला समजत नाही. आमच्याकडे काल्हेर, पूर्णा, राहनाळच्या गोदामांत ट्रक रिकामे करणारे हमाल रोज दिसतात. हमाल झपाझप चालला तर पोते त्याच्या पाठीवर पुरेसा वेळ राहिले नाही म्हणून ट्रक रिकामा व्हायला उशीर लागेल, असे कोणी मुकादम म्हणेल काय? दर खेपेला ओझे थोडे, पण खेपा अनेक, हाच वेगाने फिरणाऱ्या पाण्याचा धर्म आहे. पाणी जितके जलद फिरेल तितका रेडिएटरचा वरपासून खालपर्यंतचा सर्व भाग अधिक सारखा तापलेला राहतो, आणि धातू व हवा यांच्यातील तपमानाचा फरक जितका मोठा तितकी उष्णता हवेत अधिक जाते.

आकड्यांत सांगायचे तर पाण्याला ५० किलोवॅट उष्णता वाहून न्यायची असेल आणि त्याचे तपमान रेडिएटरात १० अंशांनी उतरत असेल, तर सेकंदाला १.२ लिटर पाणी फिरले पाहिजे. चकती घालून हा प्रवाह निम्मा करा, म्हणजे उतार २० अंशांचा होईल; खालचा होसपाइप हाताला गार लागेल आणि आमचे गृहस्थ तो चाचपून समाधानाने मान हलवतील. पण इंजिनात शिरणारे व इंजिनातून निघणारे पाणी यांच्यातही तेच २० अंशांचे अंतर पडले आहे आणि पाण्याच्या वाटेत शेवटी येणारा हेडचा भाग पूर्वीपेक्षा अधिक तापतो आहे, हे खालचा पाइप चाचपून कळत नाही. गॅस्केट जळते तेव्हा कळते.

तरीही थर्मोस्टॅट काढल्यावर गाड्या तापतात, हा अनुभव खोटा नाही. खोटे आहे ते त्याचे कारण. या जातीच्या इंजिनात थर्मोस्टॅटला दोन तोंडे असतात. पाणी ८० अंशांच्या आसपास पोहोचले की एक तोंड रेडिएटरकडची वाट उघडू लागते आणि दुसरे पाणी परस्पर पंपाकडे नेणारी आडवाट बंद करू लागते. थर्मोस्टॅट उपटून टाकला की ही आडवाट सदाची उघडी राहते, आणि पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरचे तोंडही न पाहता उकळता उकळता पुन्हा इंजिनात जातो. त्यात भर म्हणून खालच्या होसपाइपातील तारेची स्प्रिंग गंजून गेली असेल, तर वेग वाढताच पंपाच्या ओढीने तो पाइप चपटा होतो. प्रवाह फार झाला म्हणून नव्हे, तर योग्य वाटेने तो कमी झाला म्हणून गाडी तापते. आणि त्यावर उपाय म्हणून चकती घालून तो आणखी कमी करायचा, हे तर्कशास्त्र मला अक्षम्य वाटते.

हा वाद मी पूर्वीही केला आहे. आमच्या शेतातील विहिरीवर पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते आणि उपशाच्या पाण्यातलीच एक धार त्याच्या अंगातून फिरवून सरळ पाटात सोडलेली असे. भर दुपारी चालत्या इंजिनाच्या सिलिंडरवर तळहात खुशाल ठेवता येई, आणि घरातली वडील मंडळी तो अभिमानाने ठेवून दाखवीत. त्या इंजिनाला पांढरा धूर होता, तेलात डिझेल उतरत होते, आणि लायनर खोलला तेव्हा त्याच्या वरच्या कडेशी नख अडकेल एवढी खाच पडलेली होती. कारण थंड भिंतीवर ज्वलनातली वाफ निवते, डिझेलमधील गंधकाशी मिळून आम्ल बनवते आणि लोखंड खाते. मी तेथे एक पिंप बसवून तेच पाणी फिरते ठेवण्याचे सुचवले, तेव्हा इंजिन तापवून मारतो म्हणून माझ्यावर दोष आला. इंजिन थंड हवे असे मानणारे आणि इंजिन योग्य तपमानावर हवे असे मानणारे यांच्यात तेव्हापासून माझी बाजू बदललेली नाही.

त्या गृहस्थांनी अमेरिकन गाड्यांची छायाचित्रेही दाखवली होती म्हणे. त्याच गाड्यांचे लाडके इंजिन म्हणजे फोर्डने १९३२ साली काढलेले आठ सिलिंडरांचे व्ही-८. त्याच्या धुराच्या वाटा ब्लॉकमधून, पाण्याला चिकटून नेलेल्या असल्याने ते तापण्यासाठी बदनाम झाले. पंपही आरंभी हेडवर बसवून तापलेले पाणी ओढायला लावले होते, ते १९३७ साली ब्लॉकच्या खालच्या भागी नेले. चकतीने फोर्डचे काम भागले नाही.

मग काय करावे? प्रथम उष्णता मोजावी. पूर्ण भारावर ५० किलोवॅट शक्ती देणारे असे इंजिन जाळलेल्या डिझेलच्या उष्णतेपैकी साधारण तितकीच पाण्याला देते असे धरावे. मग हवा मोजावी, कारण शेवटी उष्णता हवेनेच न्यायची आहे. हवा रेडिएटरातून जाताना २५ अंशांनी तापते असे धरले, तर सेकंदाला २ किलो, म्हणजे चाळीस अंशांच्या उन्हात पावणेदोन घनमीटर हवा लागते. ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या रेडिएटरातून ती ताशी बत्तीस किलोमीटरच्या वेगाने गेली पाहिजे. घाटात गाडीच ताशी पंचवीसने चालते आणि समोरच्या वाऱ्याचा थोडाच अंश जाळीतून आत जातो, म्हणून भरवसा पंख्यावर. पाणी ९५ अंश आणि हवा २५ अंश असताना जो रेडिएटर पुरतो, त्याची ताकद हवा ४० अंश झाली की एक पंचमांशाहून अधिक घटते. थंड हवेच्या देशातले माप येथे लागू पडत नाही. ०.९ बारचे झाकण, शाबूत स्प्रिंगचा होसपाइप आणि मूळचा थर्मोस्टॅट याही गोष्टी आल्याच.

जीपवर मी एकच परीक्षा केली. इंजिन चालू ठेवून वर्तमानपत्राचे पान रेडिएटरच्या जाळीवर समोरून धरले. मधोमध, पंख्याच्या वर्तुळापुरते ते चिकटून बसले. चारही कोपरे लोंबत राहिले. पंखा जाळीपासून चार बोटे दूर आणि त्याच्याभोवती आवरणच नाही, त्यामुळे कोपऱ्यांतून हवा येण्याऐवजी इंजिनाचीच गरम हवा कडेने फिरून पुन्हा पुढे येत होती. भाच्याने पत्र्याचे चौकोनी आवरण केले, पंख्याची पाती त्याच्या तोंडात निम्मी आत राहतील असे बसवले, रेडिएटर आणि चौकट यांच्यामधील फटी रबराच्या पट्टीने बुजवल्या आणि थर्मोस्टॅट नव्या गॅस्केटसह जागेवर घातला. दुसऱ्या दिवशी पान धरले तेव्हा कोपरेही बसले.

आता त्याला या गाडीत वातानुकूलन हवे आहे. त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसतो आणि आत शिरणारी हवा आधीच तापवतो, म्हणजे वरचा सारा हिशेब नव्याने मांडावा लागेल. तो मांडून होईपर्यंत जाळीपुढे एक पट्टीही बसवू देणार नाही, असे मी त्याला सांगून ठेवले आहे.