किचन वाढवलं, चेंबर गाडलं! वास आणि उंदीर एकाच भोकातून येतात, मग फिनेलने काय होणार?

रो-हाऊसच्या मागची चार-सहा फुटांची मोकळी जागा. एका बाजूला कपड्यांची दोरी, कोपऱ्यात कढीपत्त्याचं झाड आणि मधोमध ड्रेनेज चेंबरचं सिमेंटचं झाकण. घरात माणसं वाढली की सगळ्यांची नजर याच जागेवर जाते. ठेकेदार येतो, चौरस फुटाचा दर ठरतो, महिन्याभरात भिंती उभ्या राहतात, वर स्लॅब किंवा पत्रा पडतो आणि खाली चकचकीत टाइल्स बसतात. किचन दुप्पट होतं. ते झाकण कुठे गेलं, हे दिवाळीच्या गडबडीत कुणाला आठवतही नाही.

ते टाइल्सच्या खालीच असतं. पहिल्या उन्हाळ्यात सिंकजवळ कुजक्या अंड्यासारखा वास यायला लागतो. पहिल्या पावसाळ्यात ओट्याखाली रात्रीची खुडबुड सुरू होते. मग घरात फिनेलचा कॅन येतो, डांबराच्या गोळ्या येतात, पिंजरा येतो, उंदराच्या औषधाच्या वड्या येतात. दर दोन-तीन महिन्यांनी पेस्ट कंट्रोलवाला येऊन जातो. तरीही ना वास जातो, ना उंदीर.

जाणार कसे? मुळात या दोन तक्रारी नाहीतच. गटार आणि घर यांच्यामध्ये जी आडभिंत असायला हवी, ती नवं बांधकाम करताना कुठेतरी फुटली आहे. ज्या फटीतून वायू येतो, तीच फट थोडी मोठी असली की उंदीर येतो. ती सापडून बंद होईपर्यंत बाकीचा सगळा खर्च पाण्यात.

आडभिंत असते दोन इंच पाण्याची

बाथरूमच्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये, कमोडच्या वळणात, सिंकखालच्या ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साचून राहतं. सांडपाणी पुढे जातं, पण गटारातला वायू त्या पाण्यातून उलटा येऊ शकत नाही. अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ मध्ये शौचकूपाखाली असं वळण देण्याचं पेटंट घेतलं. अडीचशे वर्षांनंतरही यापेक्षा स्वस्त आणि भरवशाचा उपाय कुणाला सापडलेला नाही. या पाण्याची उंची साधारण ५० मिलिमीटर लागते. म्हणजे जेमतेम दोन इंच.

वाढीव खोलीत या दोन इंचांची वाट लागते. सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार सिंकखाली असतो. सिंकचा तो वळ्यावळ्यांचा लवचिक पाइप भिंतीतल्या पीव्हीसी पाइपात नुसता खोचलेला असतो. दोन्हींच्या मध्ये बोटभर फट. ना ट्रॅप, ना रबरी रिंग. वॉशिंग मशीनचा पाइपही तसाच. जुन्या घरात हे चालून गेलं, कारण सिंकचं पाणी बाहेर उघड्यावरच्या गली ट्रॅपमध्ये पडायचं. जो काही वास यायचा तो अंगणात. आता अंगणच घरात आलंय आणि सोबत गली ट्रॅपही.

दुसरा बळी व्हेंट पाइपचा. संडासाच्या मागून छताच्या वर जाणारा हा उभा पाइप नव्या स्लॅबच्या आड येतो. मिस्त्री तो कापतो आणि कधी तिथेच बुजवतो, कधी पत्र्याखालीच तोंड उघडं सोडतो. व्हेंट हा काही शोभेचा पाइप नाही. गटारातली हवा तो वर सोडतो आणि फ्लश केल्यावर पाइपात जी पोकळी तयार होते ती भरून काढतो. तो बंद झाला की ती ओढ शेजारच्या ट्रॅपवर पडते आणि त्यातलं पाणी खेचलं जातं. फ्लशनंतर बाथरूमच्या जाळीतून गडगड आवाज येत असेल, तर संशयित जवळपास सापडलाच.

तिसरा प्रकार जास्त चिवट आहे, कारण तो जमिनीखाली घडतो. जुनं घर वर्षानुवर्षं बसलेलं असतं. नव्या खोलीचा पाया उथळ, भरावाचा मुरूम पाणी मारून ठोकलेला नाही आणि खाली काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जुनी भिंत जागेवर राहते, नवी हलते. दोन्हींच्या सांध्यात उभी भेग पडते, तिच्यात दरवर्षी पांढरं सिमेंट भरलं जातं. पण ड्रेनेजचा पाइपही त्याच सांध्याखालून जात असतो. त्यात कोण काय भरणार? तिथे जोड निसटतो किंवा ढाळ बिघडतो. १०० मिलिमीटरच्या पाइपाला साधारण दहा फुटांना तीन इंच उतार हवा असतो. मधला भाग खचला की पाणी तुंबतं, मैला बसतो आणि तिथेच सडतो.

राहिला मेलेला पाइप. जुन्या मोरीचा किंवा बाहेरच्या नळाखालचा, आता न लागणारा. तो काढायचा तर खोदावं लागतं. म्हणून सिमेंटच्या रिकाम्या पिशवीचा बोळा कोंबून त्यावर माल थापला जातो. पिशवी कुजते किंवा कुरतडली जाते. पाइपाचं दुसरं टोक चेंबरमध्ये उघडंच असतं.

उंदराला आमंत्रण लागत नाही

गटारात राहणारा उंदीर पट्टीचा पोहणारा असतो. कमोडच्या वळणातलं पाणीही तो पार करू शकतो. पण एवढी मेहनत करायची त्याला गरज पडत नाही, कारण मेलेला पाइप किंवा निसटलेला जोड त्याला कोरडा रस्ता देतो. तिथून तो भरावाच्या भुसभुशीत मातीत शिरतो. छोट्या घरगुती उंदराला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते, मोठ्या उंदराला अंगठ्याएवढं भोक. घूस तर माती उकरण्यातच तरबेज. न ठोकलेला मुरूम म्हणजे तिच्यासाठी आयतं बीळ. भिंतीकडेला ताज्या मातीचा ढिगारा दिसत असेल आणि टाइलवर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर प्रश्न फक्त उंदरांचा उरत नाही, फरशीचाही होतो.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवायला हवा. वास गटाराचा नसून उग्र, कस्तुरीसारखा असेल आणि लांब नाकाचा प्राणी भिंतीकडेने चिरकत पळत असेल, तर ती चिचुंद्री. ती उंदराच्या जातीची नाही, झुरळं आणि किडे खाते. पण तीही आत आली ती कुठल्यातरी भोकातूनच.

आता औषधाच्या वड्यांबद्दल. रक्त पातळ करणाऱ्या औषधाने उंदीर लगेच मरत नाही, काही दिवसांनी मरतो. औषध खाल्लं की पाणी प्यायला बाहेर जाऊन मरतो, हा समज चुकीचा आहे. तो भिंतीत, ओट्याच्या पोकळीत किंवा त्याच पाइपात मरतो आणि मूळ वासात नव्या वासाची भर पडते. झिंक फॉस्फाइडची पूड तर घरात आणूच नये. पोटात गेल्यावर तिच्यातून विषारी वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. रांगणारं मूल असलेल्या घरात ओट्याखाली विष आणि पलीकडे उघडा पाइप, हा सौदाच वेड्यासारखा आहे.

कारण जपायचं आहे ते माणसांना. लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू उंदराच्या मुतातून पसरतात आणि पाण्यातून, त्वचेवरच्या साध्या खरचटण्यातून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने या आजाराची साथ पाहिली. तेव्हा पुराचं पाणी रस्त्यावर होतं. इथे चेंबर तुंबलं की ते पाणी किचनमध्ये येतं.

भोक शोधायचं कसं?

यासाठी महागडा कॅमेरा लागतोच असं नाही. रात्री सगळं काम आटोपलं की घरातल्या प्रत्येक जाळीत आणि सिंकमध्ये आधी मगभर पाणी ओतावं. अनेकदा न वापरलेल्या बाथरूमचा ट्रॅप मे महिन्यात नुसता सुकलेला असतो आणि गोष्ट तिथेच संपते. गावाला जाताना त्यावर चमचाभर खाद्यतेल सोडलं तर पाणी लवकर उडत नाही. तरीही वास येत असेल तर प्रत्येक जाळीवर पॉलिथिन पसरून वर वाळूची पिशवी ठेवावी, सिंकखालची फट चिकटपट्टीने बंद करावी. सकाळी एकेक उघडत जावं. जिथून भपकारा येईल ती जागा. सगळं बंद असूनही खोलीत वास असेल, तर तो फरशीखालून किंवा भिंतीच्या सांध्यातून येतोय.

कुठला पाइप कुठे जातो हे कळण्यासाठी बादलीत नीळ कालवून सिंकमध्ये ओतावी आणि बाहेरच्या पुढच्या चेंबरमध्ये बघावं. निळं पाणी आलंच नाही किंवा फारच थोडं आलं, तर ते कुठे मुरतंय याचा विचार करायची वेळ आली. या सगळ्यात ॲसिड आणि ब्लीच एकापाठोपाठ ओतण्याचा उद्योग मात्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

गाडलेलं चेंबर सापडलं, तर ते उघडणं घरच्यांचं काम नाही आणि नाक्यावरून बोलावलेल्या मजुराचं तर नाहीच. गटारातला हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असेल तर नाकच बधिर करतो, वास येणं थांबतं आणि माणूस कोसळतो. संरक्षक साधनांविना माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

दुरुस्ती सांगायला सोपी आहे, खिशाला जड. चेंबर खोलीच्या आत नकोच. ते बाहेर हलवून खोलीखालून विनाजोड सरळ पाइप न्यावा आणि त्याभोवती काँक्रीट घालावं. ते शक्यच नसेल तर निदान दुहेरी सीलचं हवाबंद झाकण फरशीच्या पातळीला आणावं. मेलेला पाइप चेंबरच्या टोकाला कॅप लावून बंद करायचा, घराच्या टोकाला नव्हे. सिंकला ट्रॅप आणि रबरी रिंग. व्हेंट पुन्हा छताच्या वर. फटी बुजवायला फोम वापरला तर उंदीर तो आठवड्यात कुरतडतो. सिमेंटमध्ये काचेचे तुकडे किंवा तारेची घासणी घालून बुजवण्याची जुन्या गवंड्यांची पद्धत आजही जास्त टिकते. हे करताना नव्या टाइल्स फुटतात, आणि लोक अडतात ते नेमके इथे. पण दरवर्षीच्या पेस्ट कंट्रोलची बिलं एकदा बेरीज करून पाहिली, तर टाइल्सचा मोह थोडा कमी होईल.

मग तक्रार का होत नाही?

कारण तक्रार करणारा आधीच अपराधी असतो. नाशिकचं सिडको असो की नवी मुंबईतल्या बैठ्या घरांच्या वसाहती, 'वाढीव बांधकाम' हा शब्द तिथे घराघरात माहीत आहे. दोन खोल्यांच्या घरात तीन पिढ्या राहिल्या की मागची जागा बंद होणारच होती. त्याला सरसकट हावरटपणा म्हणणं अन्यायाचं आहे. पण बांधकाम परवानगीविना असल्याने अभियंता नाही, नकाशा नाही, प्लंबरही नाही. ठेकेदाराला पैसे चौरस फुटाचे मिळतात आणि फरशीखालचा पाइप चौरस फुटात मोजला जात नाही. काम संपल्यावर तो फोन उचलत नाही. महापालिकेत जावं तर १९६६ च्या नगररचना कायद्याखालची नोटीस हातात पडायची भीती. म्हणून माणूस गप्प बसतो आणि फिनेल आणतो.

दुसऱ्या बाजूला सरकार वेळोवेळी नियमित करण्याची दारं उघडतं. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ मध्ये दुरुस्ती करून त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. या सगळ्या चर्चेत किती क्षेत्र वाढलं आणि किती शुल्क भरायचं हे असतं. त्या खोलीखाली चेंबर गाडलंय का, हा प्रश्न मागेच राहतो. खरं तर तो पहिला असायला हवा. कारण वाढवलेल्या खोलीचा त्रास त्या घरापुरता राहू शकतो, गाडलेल्या चेंबरचा राहत नाही. ओळीत वरच्या बाजूला राहणाऱ्या शेजाऱ्याने एक वीटही रचलेली नसते, पण लाइन तुंबली की मैला त्याच्या बाथरूममध्ये चढतो आणि सफाई कर्मचाऱ्याला उघडायला झाकणच सापडत नाही.

महापालिकांनी या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. बांधकामाचं काय करायचं ते कायद्याने चालू द्यावं, पण गाडलेलं चेंबर स्वतःहून दाखवणाऱ्याला त्या अर्जावरून नोटीस जाणार नाही, एवढी हमी द्यावी. प्रभागातला ड्रेनेजचा कनिष्ठ अभियंता येऊन लाइन पाहील, ठरावीक शुल्कात चेंबर बाहेर हलवून मिळेल. अतिक्रमण विभागाला हे ढिलाईचं वाटेल. पण आजच्या कडकपणाने चेंबर उघडी झालेली नाहीत, फक्त ती सांगायला कुणी पुढे येत नाही.

ज्यांचं काम अजून सुरू व्हायचंय किंवा आत्ता फरशीपर्यंत आलंय, त्यांच्यासाठी खर्च शून्य आहे. भराव पडण्याआधी मागे जाऊन उघडे पाइप, जोड आणि चेंबर यांचे मोबाइलवर फोटो काढावेत. शेजारी मोजपट्टी धरावी आणि दोन भिंतींपासूनचं अंतर खडूने तिथेच लिहून तेही फोटोत घ्यावं. फोटो घरच्या ग्रुपवर टाकावेत, म्हणजे फोन बदलला तरी ते कुणा ना कुणाकडे राहतील. आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ता नीळ कालवलेली बादली पुढच्या चेंबरमध्ये दिसल्यावरच द्यावा.