नवऱ्याच्या व्हिसावर चालतं, स्वतःच्या का नाही?

लातूर-नांदेडकडं एक वाक्य मोठ्या कौतुकानं बोललं जातं : ‘आमची मुलगी अमेरिकेत दिली.’ दिली! हजारो मैलांवर, चार भेटींत पाहिलेल्या माणसाच्या घरी दिली. त्या वेळी कुणाला तिच्या एकटेपणाची काळजी वाटत नाही, उलट पेढे वाटले जातात. तीच मुलगी ‘मला एम.एस.ला जायचंय’ किंवा ‘नर्स म्हणून जर्मनीला जायचंय’ म्हणाली, की त्याच घरात सगळ्यांना तिथली थंडी आठवते, तिथले लोक आठवतात आणि ‘पोरीची जात’ आठवते. म्हणजे परदेशाची भीती नाहीच. भीती आहे ती मुलगी स्वतःच्या पायानं जाण्याची.

या दोन जिल्ह्यांत मी समुपदेशनाचं आणि किशोरींच्या गटांचं काम करते. ‘दिलेल्या’ मुलीही माझ्याकडं येतात आणि जाऊ न दिलेल्याही. म्हणून हे लिहिते आहे.

आधी ‘सुरक्षित’ समजल्या जाणाऱ्या रस्त्याचं बघू. अमेरिकेत नोकरीवर असलेल्या नवऱ्याची बायको एच-४ व्हिसावर जाते. कागदावर तिची ओळखच ‘अवलंबित’ अशी. मे २०१५ पर्यंत अशा बायकांना तिथं कमावण्याची परवानगीच नव्हती. त्यानंतर ती मिळाली, पण ज्यांच्या नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्याला पोचला आहे, मुख्यतः त्यांनाच. नवऱ्यानं हात वर केले, की बाईचा तिथं राहण्याचा हक्कही डळमळतो. अशा सोडून दिलेल्या बायकांचा प्रश्न इतका मोठा झाला, की अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचं विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडावं लागलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगानं २८७ व्या अहवालात स्वतंत्र, सर्वंकष कायद्याची शिफारस केली. जो रस्ता समाज सुरक्षित म्हणतो, त्यावरच्या अपघातांसाठी कायदा मागावा लागतो! आणि जिच्या हातात स्वतःची पदवी, स्वतःचा व्हिसा आणि स्वतःची मिळकत असते, तिला म्हणे धोका.

आता आपल्या चळवळीतल्या मैत्रिणींशी भांडायचं आहे. बैठकीत हा विषय काढला की ऐकू येतं, ‘अगं, इथं पाणी नाही, ऊसतोडीला बाया चालल्यात, बालविवाह थांबत नाहीत. परदेशाची चैन कुणाला?’ मी म्हणते, ही चैन कधीच नव्हती. पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या, दोघीही १८८३ मध्ये. आनंदीबाईंनी १८८६ मध्ये डॉक्टरची पदवी घेतली. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले नसते, तर आपल्या देशाचा इतिहास काय झाला असता? परदेशी शिक्षण ही ज्यांना ‘वरचे’ म्हणतात त्यांची मक्तेदारी राहावी, असं वाटणाऱ्यांच्या पथ्यावरच आपलं हे म्हणणं पडतं.

अनुसूचित जातींच्या मुलामुलींसाठी महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. तिच्या जागा वर्षाला ७५, अख्ख्या राज्याला मिळून. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा ठरवल्या आहेत आणि त्यांतल्या ३० टक्के मुलींसाठी. जागा मूठभर आहेत, हे एक. दुसरं, अटी. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रानं नियम बदलून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज या विषयांवरच्या अभ्यासाला या शिष्यवृत्तीतून वगळलं. म्हणजे मराठवाड्यातल्या दलित मुलीनं परदेशात जाऊन यंत्रांचा अभ्यास करावा, पण जातीचा करू नये. सरकारच्या पैशानं प्रश्न विचारू नयेत! यावर आपण किती मोर्चे काढले?

तिसरं, माहिती. कंधार किंवा निलंग्याच्या कॉलेजातल्या मुलीला आधी विद्यापीठाचं प्रवेशपत्र मिळवायचं, त्याआधी इंग्रजीची परीक्षा द्यायची आणि त्याच्याही आधी पासपोर्ट काढायचा, हे वर्षभर अगोदर कुणी सांगितलेलं नसतं. जाहिरात येते तेव्हा मुदतीला काही आठवडे उरलेले असतात. ज्यांच्या घरात हे आधी कुणी केलंय, त्यांचीच मुलं पोचतात.

लातूर पॅटर्नच्या गावात तर हा भेद डोळ्यांत खुपतो. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी मुलींना क्लासला घालतात, हे खरं आणि चांगलंच. पण गुण कमी पडले की रस्ते फुटतात. भावासाठी जॉर्जिया, रशिया, कझाकस्तानची चौकशी सुरू होते. बहिणीसाठी स्थळांची. हे रस्ते बिनधोक आहेत असं मी म्हणत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधून परतावं लागलेली मुलं आपण पाहिली. परदेशी वैद्यकीय पदवी इथं चालायला किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम लागतो, असा नियम २०२१ मध्ये झाला. शिवाय इथली ३०० गुणांची परीक्षा, त्यात १५० हवेत. एजंट हे सांगत नाही. पण धोका आहे म्हणून भावाला थांबवत नाहीत, त्याला पैसे देतात. मग धोक्याचं कारण फक्त बहिणीलाच का लागू?

पैशाचं बोलायचं तर जमिनीचं बोलावं लागेल. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका सहसा तारण मागतात. तारण म्हणजे आपल्याकडं जमीन किंवा घर, आणि ते बापाच्या वा भावाच्या नावावर. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, देशानं २००५ मध्ये. प्रत्यक्षात काय होतं? लग्नानंतर बहिणीला तहसीलला बोलावतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. साडीचोळी देऊन. तिच्याच वाट्याच्या जमिनीवर भावाचं कर्ज उभं राहतं आणि तिला ऐकवलं जातं, ‘तुझ्यासाठी एवढा पैसा कुठून आणायचा?’ हुंड्याला पैसा निघतो, फीला निघत नाही. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १५०० युरो पडतात. राहण्याच्या खर्चासाठी खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, असा आकडा सप्टेंबर २०२४ मध्ये ठरला. रक्कम मोठी आहेच. पण आपल्याकडच्या बऱ्या घरातल्या लग्नाचा हिशोब शेजारी मांडून बघा.

ही झाली शिकलेल्या मुलींची गोष्ट. शाळा सुटलेलीचं काय? नांदेडची हद्द निजामाबादला लागून आहे. आखातात जाणं तिकडं घरोघरी माहीत आहे आणि हैदराबादचे एजंट आपल्या गावांपर्यंत येतात. इथं सरकारचं ‘संरक्षण’ बघा. दहावी न झालेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर ईसीआर असा शिक्का पडतो, म्हणजे आखातासह ठरावीक देशांत कामाला जाण्याआधी सरकारची परवानगी घ्या. अशा पासपोर्टवर तीस वर्षांखालच्या बाईला घरकामासाठी ही परवानगीच मिळत नाही. पंधराव्या वर्षी लग्न लावून शाळा बंद केली, पंचविशीत नवऱ्यानं टाकलं, दोन लेकरं पदरात. तिला पोट तर भरायचंय. सरकार म्हणतं, तुझ्या भल्यासाठी थांब. ती थांबत नाही. एजंट तिला पर्यटकाच्या व्हिसावर पाठवतो. मग करारनामा नाही, विमा नाही, नोंद नाही. मालकानं पासपोर्ट काढून घेतला, तर ती कुठल्या वहीत सापडणार? बंदीनं बाई वाचत नाही, ती नजरेआड होते. आपण कौटुंबिक हिंसेच्या बाबतीत हेच शिकलो ना, की उंबरठ्याआड कोंडणं म्हणजे संरक्षण नव्हे?

परिचारिकांसाठी २०१५ मध्ये नियम झाला, की या देशांतली भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावी. हेतू चांगला. केरळानं अशी संस्था १९७७ मध्येच उभी केली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं बाडेन-वुर्टेम्बर्गशी दहा हजार कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. पण तिथं पूर्ण परिचारिका म्हणून मान्यता मिळायला जर्मन भाषा साधारण बी-२ पातळीपर्यंत यावी लागते, म्हणजे एक-दीड वर्षाची मेहनत. ही भाषा नांदेडच्या नर्सिंग कॉलेजात शिकवणार कोण? करार मुंबईत होतात, मुली इथं असतात.

तेव्हा मैत्रिणींनो, आपण काय करायचं?

एक : पासपोर्ट. सज्ञान बाईला बापाची किंवा नवऱ्याची संमती लागत नाही. डिसेंबर २०१६ पासून विवाह प्रमाणपत्राची अट नाही आणि घटस्फोटित वा विभक्त बाईवर नवऱ्याचं नाव देण्याची सक्ती नाही. चौकशीला आलेल्या पोलिसानं ‘मालक कुठंयत?’ विचारलं, तर काय उत्तर द्यायचं, हे गटात शिकवा. अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलीकडं रेशनकार्डासारखा पासपोर्ट असावा.

दोन : हक्कसोडपत्रावर सही करू नका, करू देऊ नका.

तीन : शिष्यवृत्त्यांच्या जागा वाढवा, २०२२ ची विषयबंदी काढा, आणि जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात वर्षभर माहिती द्या, अशी मागणी लावून धरा.

चार : वयाची बंदी नको. त्याऐवजी तिच्या भाषेतला करारनामा, जायच्या आधी प्रशिक्षण आणि एजंटांवर कारवाई हवी.

पाच : जिनं जायचं नाही ठरवलं, तिचाही मान राखा. आपला आग्रह परदेशाचा नाही, ठरवण्याच्या हक्काचा आहे.

आणि पुढच्या वेळी कुणी ‘मुलगी परदेशात दिली’ म्हणालं, तर विचारा : तिला विचारलं होतं का, कुठं जायचंय?