टाळ्यांचं नको, तयारीचं भाषण हवं

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत जयंतीच्या मंचावर आम्ही दरवर्षी तेच ऐकतो, आणि खरं सांगायचं तर तेच बोलतोही. यूट्यूबवरून पाठ केलेले शेर, बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी, आवाज चढवून घोषणा. टाळ्या पडतात. घरी जाताना माणसांच्या हाती काय लागतं?

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तो विद्यार्थी दिवस आपण साजरा करतो, त्या विद्यार्थ्याची तयारी मात्र घेत नाही. १९३६ साली त्यांनी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी भाषण लिहून काढलं. मंडळाला मजकूर खटकला. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. अधिवेशन रद्द झालं. मग तेच भाषण त्यांनी स्वखर्चाने छापलं. माईक न मिळालेलं ते भाषण आजही जातिव्यवस्थेला जाब विचारतं, कारण त्यामागे अभ्यास होता.

‘खेड्यातल्या पोरांना हे कुठं जमणार?’ असं म्हणणाऱ्यांनी सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे आठवावेत. शाळा जवळजवळ नाहीच. तरी १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं आणि हे जग कष्टकऱ्यांनीच तोललंय, हे ठणकावलं.

म्हणून येत्या ७ नोव्हेंबरला मंचावर चढण्याआधी एकच प्रश्न निवडा: अडकलेली शिष्यवृत्ती किंवा वसतिगृहाचा प्रवेश. शासन निर्णय वाचा. मित्रासमोर मोठ्याने बोलून चुका काढून घ्या. शेवटी एक मागणी ठामपणे मांडा. घोषणा त्यानंतर.

जय भीम!