भाकरी सगळ्यांना आठवते, घोडा कोणाला?

भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? न फिरवल्यामुळे. लहानपणी आजीने घातलेलं हे कोडं. राजकारणात भाकरी फिरवण्याच्या बातम्या मी वीस वर्षं लिहितोय, पण त्यातल्या घोड्याकडे लक्ष गेलं ते गेल्या आठवड्यात.

आपल्याच गावातली एक वरातीची घोडी सोमवारी पहाटे मेली. तुमच्यापैकी कित्येकांच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती आहे. दर डिसेंबरला दत्तजयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याला जाऊन मी घोड्यांच्या बातम्या करतो. अमुक घोड्याची किंमत इतकी, उंची इतकी, खुराकाला दूध-तूप. फोटोसह चार कॉलम. या घोडीची मात्र एक ओळ छापून आली नाही. दोष पेपरचा नाही, मीच पाठवली नाही.

झालं काय? रविवारी दाट तिथी. सकाळी एक मिरवणूक, संध्याकाळी दुसरी. मधला वेळ घोडी कार्यालयामागे पत्र्याच्या सावलीत बांधलेली, पुढ्यात कोरडा कडबा. मे महिन्यातलं आपल्या खान्देशातलं ऊन तुम्हाला सांगायला नको. मी मालकाला विचारलं, पाणी कधी पाजलं होतं? तो गप्प. मग म्हणाला, "सकाळी." घोड्याला एरवीच दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात, घाम गाळून काम केल्यावर त्याहून बरंच जास्त.

रात्री घरी आल्यावर तिच्यापुढे दिवसभराचे हरभरे एकदम टाकले. मायेनेच टाकले. पण घोड्याचं पोट गाई-म्हशीसारखं नसतं. अंगाच्या मानाने जठर लहान, त्यामुळे थोडं थोडं, दिवसभर खाणारं हे जनावर. आणि त्याला ओकता येत नाही. आत जे अडकलं ते अडकलं. अकराच्या सुमारास ती पुढच्या पायाने माती उकरायला लागली, मान वळवून पोटाकडे बघायला लागली, मग लोळायला लागली. लीद बंद. हा पोटशूळ. यात प्रत्येक तास महत्त्वाचा असतो. शेजारच्यांनी बाटलीने तेल पाजलं. तेही चांगल्या मनानेच. पण असं जबरदस्तीने पाजलेलं तेल फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून डॉक्टर नाकातून नळी घालून औषध पोटात सोडतात. डॉक्टर सकाळी आले.

मालक वाईट माणूस नाही, हे मला ठासून सांगायचंय. "बयाना लिधा व्हता ना भाऊ," एवढंच तो म्हणत होता. दुसऱ्या वरातीला नाही म्हटलं असतं तर पुढच्या तिथीला त्याला कोणी बोलावलं नसतं.

घोडी रविवारी आजारी पडली असं आपण म्हणतो. मला ते पटत नाही. चातुर्मासात लग्नं बंद, म्हणजे चार महिने कमाई बंद. हरभरा बंद होतो, कोंड्यावर भागतं. घोडी ओल्या जागेत बांधलेली. खूर रोज साफ केले नाहीत तर चिखलाने खुराचा तळवा सडतो, काळा पडतो, वास मारतो. त्यात पावसाळ्यातल्या चावऱ्या माश्या सर्रा पसरवतात. ताप येतो-जातो, पोटाखाली सूज येते, जनावर वाळत जातं आणि आपण म्हणतो, "चारा कमी पडला असेल." दातांना धार येऊन अर्धवट चावलेले गोळे तोंडातून पडतात, तर म्हणायचं "माजलीय, खात नाही." खूर दीड-दोन महिन्यांनी कापायला हवेत. नालबंद शोधायचा कुठे? शेवटचा नाल कधी बदलला, मालकाला आठवत नव्हतं. मग तुळशीचं लग्न लागलं की हीच घोडी थेट डांबरावर, बँडपुढे चार तास नाचायला. चार महिने न फिरवलेली.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट होते, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. पाणी गार म्हणून घोडा कमी पितो आणि थंडीतही पोट बांधतं. आणि दमून आलेल्या घोड्याला पाणीच देऊ नये, हा आपल्याकडचा पक्का समज. थोडं थोडं पाजत, हळूहळू चालवत न्यावं. तहानलेल्या जनावरापुढे कोरडा चारा टाकणं जास्त घातक.

काही तरुण मित्र म्हणाले, "दादा, घोडीच बंद करा, नवरदेवाला गाडीतून आणा." म्हणायला सोपं आहे. ज्या घोडीची कमाई संपली तिला विकत कोण घेईल आणि कशासाठी, याचा विचार करा. मला बंदी नकोय. सारंगखेड्याला यात्रेसाठी बाहेरून नालबंद येतात, जाणकार येतात. त्या दिवसांत दोन दिवस तालुक्यातल्या कामाच्या घोड्यांसाठी द्या. खूर, दात, रक्ततपासणी, धनुर्वाताची लस. खिळा रुतला तर धनुर्वाताने घोडा फार लवकर जातो. पशुसंवर्धन खात्याकडे मी तसं लेखी देणार आहे, सह्या हव्या आहेत. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा नंबर आहे. मी चार घोडीवाल्यांना विचारलं, एकालाही माहीत नव्हता. तेवढा तरी पोहोचवा.

आणि वरात आपली असते. वेळ आपण ठरवतो, घोडीच्या पायाशी फटाक्यांची माळ आपला मित्र लावतो, डीजेची भिंत तिच्या कानाशी आपणच उभी करतो.

त्याच्या दावणीला आता एक घोडी उरलीय. येत्या गुरुवारी तिची वरात आहे. नवरदेवाच्या वडिलांना काल फोन केला. आधी हसले. मग म्हणाले, "बादल्या दोन पुरतील का चार ठेवू?"