विश्लेषण : तोट्यातील इंटरनेट कंपन्यांचे समभाग घ्यावेत का?

झोमॅटो आणि पेटीएम या दोन्ही कंपन्या तोट्यात असतानाच २०२१ मध्ये भांडवली बाजारात आल्या. झोमॅटोचा ७६ रुपयांचा समभाग पहिल्याच दिवशी ११५ रुपयांवर खुला झाला, वर्षभरात ४५ रुपयांखाली घसरला आणि पुढे मूळ किमतीच्या कितीतरी वर गेला. पेटीएमचा २,१५० रुपयांचा समभाग मात्र पहिल्याच दिवशी २७ टक्के कोसळला. अशा कंपन्या पारखायच्या कशा?

तोटा नेमका कशाचा?

एका व्यवहारामागे काही उरते का, हा पहिला प्रश्न. झोमॅटोला २०१९-२० मध्ये प्रत्येक ऑर्डरमागे सुमारे ३० रुपये तोटा होत होता. २०२०-२१ मध्ये सुमारे २० रुपये उरू लागले. त्या वर्षीही एकूण तोटा ८१६ कोटींचा होता. पण ऑर्डरमागे पैसे उरत असतील, तर धंदा वाढल्यावर कार्यालय, तंत्रज्ञान, जाहिरात यांचा खर्च भरून निघू शकतो. एप्रिल-जून २०२३ मध्ये झोमॅटोने २ कोटींचा पहिला तिमाही नफा दाखवला. ऑर्डरमागेच तोटा असेल, तर जितका धंदा मोठा तितका खड्डा मोठा.

पैसा जातो कुठे?

झोमॅटोच्या ९,३७५ कोटींच्या विक्रीतील ९,००० कोटी कंपनीकडे गेले. पेटीएमच्या १८,३०० कोटींपैकी १०,००० कोटी समभाग विकणाऱ्या जुन्या भागधारकांचे होते. ही रक्कम धंद्यात येत नाही.

‘समायोजित’ नफा म्हणजे?

ऑक्टोबर-डिसेंबर २०२२ मध्ये पेटीएमने कार्यचालन नफा जाहीर केला. पण त्यात कर्मचाऱ्यांना दिलेल्या समभागांचा खर्च धरलेला नव्हता. निव्वळ तोटा ३९२ कोटींचा होता. म्हणून शेवटची ओळ वाचावी.

नियमांचे संरक्षण किती?

नफ्याची अट पूर्ण न करणाऱ्या कंपनीला ‘सेबी’च्या नियमांनुसार किमान ७५ टक्के समभाग संस्थात्मक गुंतवणूकदारांना द्यावे लागतात, किरकोळ गुंतवणूकदारांचा वाटा जास्तीत जास्त १० टक्के. समभाग सूचिबद्ध झाल्यावर मात्र ही मर्यादा उरत नाही.

मग करावे काय?

हाती असलेली रोकड वर्षाच्या खर्चाला किती काळ पुरेल, हे पाहावे. धंदा चांगला असला तरी भाव महाग असू शकतो : झोमॅटो पहिल्याच दिवशी घेणाऱ्याला आधी ६० टक्क्यांची घसरण सोसावी लागली. मुलांच्या फीचा किंवा घराच्या हप्त्याचा पैसा इथे लावू नये.