पदवी की कौशल्य? हा सवाल आपल्याच मुलांना का?

बारावीचा निकाल लागला की आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळच्या वंदनेनंतर दहा-पंधरा मुले-मुली मागे थांबतात. हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स असते आणि प्रश्न एकच असतो, "काका, आता काय करू?" यंदा एका मुलीने मात्र वेगळाच प्रश्न आणला. तिला अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करायचे होते. प्रवेशाच्या खिडकीवरच्या बाईंनी आधी अर्जावरचा जातीचा रकाना पाहिला, मग तिच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "बी.ए. करून काय मिळणार? तुमच्यासाठी बी.व्होक. बरे, लगेच नोकरी लागते." मुलगी मला विचारत होती, "काका, 'तुमच्यासाठी' म्हणजे नेमके कोणासाठी?"

तिचे वडील गवंड्याच्या हाताखाली काम करतात. त्यांचे म्हणणे होते की तिसऱ्या वर्षी घरात पगार आला पाहिजे. भाऊ आय.टी.आय. झालेला फिटर. वाळूजच्या एका कारखान्यात वर्षभर शिकाऊ उमेदवारी केली, वर्ष संपले तसे त्याला घरी पाठवले, आणि आता त्याच औद्योगिक वसाहतीत तो ठेकेदाराकडे रोजंदारीवर आहे. तो म्हणाला, "माझ्यासारखं करू नको, पदवी घे." बाप नोकरीचा कोर्स मागतो आणि नोकरीचा कोर्स केलेला भाऊ पदवी मागतो. एकाच घरातली ही दोन मते आहेत, आणि दोन्ही अनुभवातून आलेली आहेत.

मी स्वतः बी.ए. आहे. पण मला पहिली नोकरी बी.ए.ने दिली नाही. ती दिली मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द गतीच्या टायपिंगच्या प्रमाणपत्रांनी. दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी टायपिंगचा वर्ग, असे दोन वर्षे केले. माझ्याबरोबर टायपिंग शिकलेला एक मित्र माझ्याच दिवशी लिपिक म्हणून रुजू झाला. त्याचा हात माझ्यापेक्षा वेगवान होता, पण बी.ए. त्याने दुसऱ्या वर्षी सोडले होते. पुढे वरच्या पदाची जाहिरात निघाली, अट पदवीची होती. मी अर्ज भरला आणि त्याने तो टाइप करून दिला. हे आठवले की आजही मला बरे वाटत नाही. टायपिंगने आम्हा दोघांना खुर्ची दिली. त्या खुर्चीवरून उठून पुढे कोण जाणार, ते पदवीने ठरवले.

म्हणून 'शिक्षण की कौशल्य' असा सामना कोणी लावला की मी सावध होतो. हा सामना जुना आहे. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेची एक योजना आणली. मुलाने अर्धा दिवस शाळेत बसायचे आणि उरलेल्या वेळात बापाचा धंदा शिकायचा! चांभाराच्या पोराने चामडे कमवायचे, न्हाव्याच्या पोराने वस्तरा धरायचा. मग पुरोहिताच्या पोराने काय शिकायचे, हे सांगायला नको. पेरियार आणि द्रविड चळवळीने रान उठवले, राजाजींना १९५४ मध्ये पद सोडावे लागले आणि कामराज यांनी ती योजना गुंडाळली. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने १८ पारंपरिक व्यवसायांसाठी 'पीएम विश्वकर्मा' सुरू केली. तेव्हा तामिळनाडूला १९५३ आठवले. २०२४ मध्ये त्या सरकारने ही योजना आहे त्या स्वरूपात राबवायला नकार दिला. आपल्याकडे मात्र अवजारांचे संच वाटल्याचे फोटो छापून आले.

याचा अर्थ आपण हाताच्या कामाला कमी लेखावे असा नाही. ती खोड मनूची आहे, आपली नाही. जातिव्यवस्था कामे वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडून वर-खाली रचते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले. आणि हेच बाबासाहेब ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खात्याचे सदस्य असताना लिनलिथगोंना दिलेल्या निवेदनात काय मागतात? नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भले होणार नाही. विज्ञान व तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण, त्यासाठी शिष्यवृत्त्या आणि परदेशी पाठवण्याची सोय हवी, असे ते बजावतात. सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना तांत्रिक प्रशिक्षण मिळावे, अशीही त्यांची मागणी होती. ज्याने स्वतः कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतल्या, बॅरिस्टरी केली, तोच माणूस हे सांगत होता. आणि त्याच माणसाने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय काढले. त्यांनी ना कारखाना सोडला, ना कॉलेज. फक्त एक पाहिले, की आपला माणूस तळाच्या पायरीवर अडकून राहता कामा नये.

आता बी.व्होक.कडे येऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये ही तीन वर्षांची पदवी आणली. त्यात साधारण ६० टक्के भाग कौशल्याचा आणि ४० टक्के सामान्य शिक्षणाचा. एक वर्ष केले तर पदविका, दोन वर्षांनी प्रगत पदविका, तिसऱ्या वर्षी पदवी. ही पदवी खोटी नाही. जिथे 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' अशी अट असते, तिथे ती चालते. पण शिक्षक व्हायचे असेल, तर बी.एड.ला पदवीचा विषय शाळेत शिकवला जाणारा असावा लागतो. रिटेल मॅनेजमेंट कोणत्या शाळेत शिकवतात? अर्थशास्त्राच्या एम.ए.ला, प्राध्यापकीच्या वाटेला जायचे असेल, तर आधी त्या विद्यापीठाचा प्रवेशाचा नियम वाचून घ्यावा. हे खिडकीवर कोणी सांगत नाही. तिथे सांगतात ते फक्त 'लगेच नोकरी'.

आणि ती अधेमध्ये बाहेर पडण्याची सोय! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती सगळ्याच पदव्यांना लावली. पहिल्या वर्षी बाहेर पडा, प्रमाणपत्र घ्या. दुसऱ्या वर्षी पडा, पदविका घ्या. चौथ्या वर्षापर्यंत टिकलात तर ऑनर्स. कागदावर हे सर्वांसाठी सारखे आहे. पण ज्याच्या बापाला नियमित पगार आहे, तो पहिल्या वर्षी बाहेर का पडेल? बाहेर पडेल तो, ज्याच्या घरी आई आजारी आहे, ज्याची शिष्यवृत्ती वर्ष उलटले तरी आली नाही. पूर्वी त्याला 'गळती' म्हणत आणि सरकारला त्याची लाज तरी वाटायची. आता त्याच्या हातात प्रमाणपत्र देतील आणि गळती कागदावरून नाहीशी होईल.

पण आपल्या बी.ए.चीही एकदा झाडाझडती घेतली पाहिजे. तीन वर्षांत वाचनालयात पाऊल नाही, गाईड वाचून पास व्हायचे आणि मग अभ्यासिकेत बसून जाहिरातीची वाट पाहायची. २०२३ मध्ये तलाठ्याच्या ४,६४४ जागा निघाल्या आणि दहा लाखांहून जास्त अर्ज आले. राखीव वर्गातल्या मुलांनीही अर्जामागे ९०० रुपये भरले. या गर्दीत आपली किती मुले होती आणि त्यातल्या कितीजणांची तिशी उलटली होती, ते प्रत्येक वस्तीला माहीत आहे. पुढाऱ्यांना ही मुले मोर्चाला बरी पडतात. त्यांची स्वतःची मुले कुठे शिकतात, ते विचारून पाहा.

मग करायचे काय? मी त्या घराला जे सांगितले ते इथे सांगतो. कोर्स निवडताना नोकरीची जाहिरात पाहू नका, पुढची पायरी कुठे जाते ते पाहा. आय.टी.आय. ही पायरी असू शकते. दोन वर्षांचा ट्रेड केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि पॉलिटेक्निक झालेल्याला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. हे त्या फिटर भावाला कोणीच सांगितले नव्हते. शिकाऊ उमेदवारी म्हणजे नोकरी नव्हे, हेही नाही. १९६१ च्या कायद्याने शिकाऊ उमेदवार हा कामगार ठरत नाही आणि वर्ष संपल्यावर त्याला ठेवून घेण्याचे बंधनही मालकावर नसते. मात्र त्याच कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव आहेत. त्या मागायला कोण जाते?

बी.व्होक. घ्यायचेच असेल तर कॉलेजात जाऊन यंत्रशाळा डोळ्यांनी पाहा. बहुतेक ठिकाणी हे अभ्यासक्रम विनाअनुदानित असतात. फी किती, तिला भारत सरकारची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर लागू आहे का, हे लेखी विचारा. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. अकरावीतच अर्ज करा, जूनमध्ये धावपळ करून ते मिळत नाही. विहारात आपण जयंतीच्या वर्गणीचा हिशेब ठेवतो, तसे हे अर्ज भरायला जून महिन्यात एक टेबल टाकायला किती खर्च येतो?

मुलीने अनुदानित कॉलेजात अर्थशास्त्राला नाव घातले आहे, आणि संध्याकाळी संगणक टायपिंग व टॅली. वडील अजून पूर्ण राजी नाहीत, "बघू," म्हणतात. भाऊ पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाचा अर्ज घेऊन आला होता. त्याच्या वैधता प्रमाणपत्रासाठी आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल हवी आहे. आजोबा ज्या शाळेत दोन वर्षे बसले ती शाळा पैठण तालुक्यात आहे. सोमवारी आम्ही दोघे तिकडे जाणार आहोत.